मामांचं लिनक्स, भाच्याचं दुकान

मामा दारव्हा रोडला राहतात, भाच्याचं दुकान दत्त चौकाजवळ. गाडीवर फार तर दहा मिनिटांचा रस्ता, पण संगणकाचा विषय निघाला की दोघांची तोंडं दोन दिशांना. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, रोज पान-दोन पानं मराठीत लिहिणारे. भाचा झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका आणि 'फॉरमॅट मारून देणे' ही सगळी कामं एकाच काउंटरवर उरकणारा. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत, आणि असं दुकान नसलेलं तालुक्याचं गाव सापडणार नाही. तर या मामांनी घरच्या जुन्या डेस्कटॉपवरून विंडोज काढून लिनक्स मिंट टाकलं. तेही भाच्याला न विचारता.

निमित्त मायक्रोसॉफ्टनंच दिलं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळणं बंद झालं. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. मामांचं यंत्र चौथ्या पिढीतलं. चालतं झकास, पण कंपनीच्या लेखी म्हातारं.

"चांगली चालती मशीन भंगारात काढायची का मी?" हा मामांचा पहिला सवाल.

"भंगारात काढा म्हनते कोन?" भाच्याचं उत्तर तयार होतं. "विंडोज दहाच चालू ठेवा ना. बंद थोडीच पडली ते. माह्या दुकानात एका मशीनवर अजून विंडोज सात हाय. काय झालं तिले?"

विंडोज ७ चा आधार संपला १४ जानेवारी २०२० ला. 'काय झालं तिले' हा युक्तिवाद छोट्या गावांत फार चालतो, आणि चालतो तोवर तो खरा असतो. मामांनी त्यावर मे २०१७ मधला 'वॉनाक्राय' काढला. एका आठवड्याच्या आत जगभरातल्या लाखो विंडोज संगणकांवरच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हा प्रकार ज्या भोकातून आत शिरला, ते बुजवायची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले.

"अन् ती घेता येत नाही कोणाला? तुझ्या गिऱ्हाइकांना. क्रॅक टाकताना तूच पहिले अँटिव्हायरस बंद करतोस, अपडेट बंद करतोस."

भाचा हसला. नाही म्हणायला जागा नव्हती.

इथं थोडं थांबायला हवं. लिनक्सची वकिली करणारे जगात कुठेही पहिला मुद्दा मांडतात तो किमतीचा: फुकट आहे, घ्या. यवतमाळात, पुसदात, वणीत हा मुद्दा पाच मिनिटंही टिकत नाही, कारण जोडून घेतलेल्या मशीनवर विंडोजचे पैसे इथं कोणी मोजलेलेच नसतात. भाच्याच्या शब्दांत, "फुकट तं विंडोजही हाय. वरून तिच्यासंगं ऑफिस फुकट, फोटोशॉप फुकट, कोरल फुकट. तुमचं लिनक्स फुकटात महाग पडते मामा." म्हणजे स्पर्धा फुकट आणि विकत यांच्यात नाहीच. बिघडलं तर कोण दुरुस्त करेल आणि समोरच्याकडे काय आहे, या दोन प्रश्नांवर सगळं अडतं. लिनक्सवर लिहिणारे बहुतेक लेखक हे मान्य करत नाहीत, म्हणून त्यांचे लेख दुकानदारांपर्यंत पोचत नाहीत.

मामा मात्र किमतीवर अडले नाहीत. त्यांना भावली ती परवान्याची गोष्ट. लिनक्सचा गाभा ज्या परवान्याखाली येतो, त्यात प्रत काढून दुसऱ्याला द्यायला मुभा आहे. मिंटच्या एका पेनड्राइव्हवरून त्यांनी शेजारच्या दोघांची मशीन चालू करून दिली. शाळेत आयुष्यभर 'कॉपी करू नका' सांगितलेल्या माणसाला बिनदिक्कत कॉपी वाटता येण्याचा आनंद काय असतो, हे भाच्याला कळण्यासारखं नव्हतं.

आता यंत्राच्या वेगाची गोष्ट. मामा येईल त्याला सांगत, "विंडोजवर चालू व्हायला चहा होऊन जायचा. आता बटन दाबलं की हजर."

भाच्यानं हे चार-पाच वेळा ऐकून घेतलं आणि मग एकदा सगळ्यांसमोर फुगा फोडला. "मामा, फास्ट झालं ते एसएसडीनं. जुनी हार्ड डिस्क काढून मीच टाकून देल्ली होती दिवाळीले. तिच्यावर विंडोज दहा टाकली असती तरी तेवढीच पळाली असती."

यात बरंच तथ्य आहे. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की कुठलंही जुनं यंत्र तरतरीत होतं. पण चार जीबी रॅमवर ब्राउझरची सहा-सात पानं उघडल्यावर काय होतं, तो हिशेब वेगळा. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती दोन जीबी रॅमवरही चालते आणि चार असतील तर बरं, असं ते बनवणारे सांगतात. म्हणजे प्रणाली स्वतः कमी खाते आणि उरलेलं ब्राउझरला मिळतं. मामा हे नीट मांडू शकले असते, पण ते चिडले, आणि चिडले की त्यांची शाळेतली भाषा सुटते. "मंग तूच सांग ना बे, अपडेटच्या नावानं अर्धा घंटा मशीन काऊन अडकून राहे माही?"

आणि लाइट? उन्हाळ्यात केव्हाही जाते. मामांचा दावा असा की लिनक्सवर अचानक वीज गेली तरी फाइलव्यवस्था आपली नोंदवही वाचून पुन्हा उभी राहते. "विंडोजची एनटीएफएसही तेच करते," भाचा म्हणाला, आणि तो बरोबर होता. दोघांनी इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला हवी यावर एकमत केलं.

मराठीवर मात्र वाद रंगला, आणि तो रंगण्यासारखाच आहे.

१९९१ हे वर्ष इथं कामाचं. त्या वर्षी २५ ऑगस्टला हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपण एक छोटी कार्यप्रणाली लिहितोय, असं जाहीर केलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोनं भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे मानक स्वीकारलं. इनस्क्रिप्टची कळपाटी त्याच्यासोबतची. मामा आज जे टंकतात त्याची तिन्ही मुळं त्या एका सालात आहेत. आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांनी मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षं वेगळाच रस्ता धरला: श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवतात. भाच्याची बोटं टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर तयार झाली आणि नंतर कृतिदेववर पक्की झाली.

मामांनी त्याला एकदा आपल्या पडद्यावर बसवलं. भाच्याच्याच दुकानातून आलेली एक जुनी फाइल उघडली, कृतिदेव फॉन्ट नसलेल्या संगणकावर. 'यवतमाळ' असं जिथं असायला हवं, तिथं अर्धविराम, मग इंग्रजी ओ, आर, ई, के आणि मोठा जी, अशी सहा चिन्हं ओळीनं उभी.

"हे बघ. आपल्या गावाचं नाव. हे शोधायला गेलास तर जगातलं कुठलं यंत्र शोधून देईल?"

"फॉन्ट टाका ना मंग. तुमच्या लिनक्सवरही पडते तो. फायलीवर डबल क्लिक मारा, इन्स्टॉल म्हना, झालं."

"अरे, दिसेल. पण आत कचराच राहील."

"गिऱ्हाइकाले आतलं काय करायचं हाय मामा? त्याले कागदावर पाहिजे."

दोघंही आपापल्या जागी बरोबर. लग्नपत्रिका छापून झाली की तिचं आयुष्य संपतं. मामांचे लेख मात्र त्यांना दहा वर्षांनी शोधायचे असतात.

मामा स्वतः इनस्क्रिप्ट वापरतात. लिनक्सवरच्या 'आयबस' या टंकनसुविधेत एम१७एन नावाचा संच टाकला की मराठीखाली इनस्क्रिप्टशिवाय फोनेटिक, मिंग्लिश, गमभन अशी यादीच उघडते. रेमिंग्टनही आहे, म्हणजे भाच्याची बोटं बेकार होणार नाहीत. 'दऱ्या' लिहायचं असेल तर मामा ओवर द टंकतात, मग शिफ्ट दाबून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई. ऱ आणि य यांच्या मधला हलन्त पडला की र ची ती आडवी चंद्रकोर आपोआप उमटते आणि 'दर्या'शी घोळ राहत नाही. ल आणि श यांचं प्रकरण जरा खोल आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतला ल वेगळा आणि हिंदी पुस्तकांतला वेगळा. बऱ्याच मुक्त फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी ठरवून दिल्याशिवाय मराठी रूप बाहेर येत नाही. लिबर ऑफिसमध्ये खालच्या पट्टीवर भाषा हिंदीची मराठी केली आणि पानभर ल एका झटक्यात बदलले, तेव्हा मामांनी मामींना हाक मारून ते दाखवलं. मामींना फरक दिसला नाही.

ही सोय आकाशातून पडलेली नाही. 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे मुक्त फॉन्ट रेड हॅट कंपनीनं जोपासले, आणि त्या कामाचं एक मोठं केंद्र पुण्यातलं तिचं कार्यालय होतं. लिबर ऑफिसचे, फायरफॉक्सचे मेन्यू मराठीत आणणारे बरेचसे लोक स्वयंसेवक. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्यूटोरियल' हा प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभारलेला प्रकल्प. त्यात लिनक्स आणि लिबर ऑफिसचे छोटे धडे मराठी आवाजात मिळतात. मामा स्प्रेडशीट तिथूनच शिकले, कोणाला 'दाखव ना रे' न म्हणता. साठीनंतर याची किंमत फार असते.

पण मराठी मेन्यूनं भाच्याची पंचाईत केली. मामांचा फोन येतो: पानाचा समास बदलत नाही. भाचा सांगतो, फॉरमॅटमध्ये जा. मामा म्हणतात, तसं काही नाही इथं. मग पलीकडून, "तिसरं का चौथं काय लिहून हाय ते वाचा बरं." फोनवर पंधरा मिनिटं जातात. दुसऱ्या दिवशी भाच्यानं येऊन मेन्यू इंग्रजीत करून दिला. तिसऱ्या दिवशी मामांनी तो परत मराठीत केला.

दुकानाची गोष्ट घराहून वेगळी, हे मामाही मानतात. भाच्याकडे पत्रिका आणि फ्लेक्स कोरलड्रॉमध्ये होतात. छापखान्यालाही त्याच फायली लागतात. गंमत अशी की कोरल कंपनीनं २००० साली कोरलड्रॉ ९ ची लिनक्स आवृत्ती खरोखरच बाजारात आणली होती, आणि मग तो नाद सोडून दिला. तो टिकला असता तर आज भाच्याच्या हातात कोणतं हत्यार असतं, सांगता येत नाही. लिनक्सवरचं इंकस्केप कोरलच्या फायली उघडतं, पण अर्ध्यामुर्ध्या; फ्लेक्सवर नेत्याचा फोटो दोन बोटं खाली सरकला तर बोलणी दुकानदारालाच खावी लागतात.

"अन् अंगठा?" भाचा विचारतो. आधारशी जोडलेल्या कामाला बोटांचा ठसा घेणारं यंत्र लागतं, आणि त्या यंत्रासोबत 'आरडी सर्व्हिस' नावाचा नोंदणीकृत प्रोग्राम चालू असावा लागतो. भाच्याकडच्या यंत्राचा तो प्रोग्राम विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळतो. ग्रामसेवक डिजिटल सहीचा टोकन घेऊन येतात, तेव्हाही तीच कथा. "त्यायले मी काय सांगू, थांबा साहेब, टर्मिनल उघडून पाहतो?"

प्रिंटरचं तर विचारू नका. मामांच्या घरचा एचपीचा आहे. एचपीचं 'एचपीलिप' नावाचं मुक्त सॉफ्टवेअर मिंटसोबतच येतं, त्यामुळे वायर लावली आणि पान निघालं. भाच्याचा छोटा लेझर प्रिंटर दुसऱ्या कंपनीचा, झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा. मामांनी एका रविवारी तो लिनक्सवर आणायचा विडा उचलला. संध्याकाळी पान निघालं. सोमवारी सकाळी मशीन चालू केल्यावर निघालं नाही.

"मी म्हनलं होतं."

"कंपनीनं धड ड्रायव्हर दिला नाही, त्यात लिनक्सचा काय दोष?"

"दोष कोनाचा ते ठरोस्तोर गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात जाते मामा."

मामा अशा वेळी शेवटचं अस्त्र काढतात: तुझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिशातला अँड्रॉइड लिनक्सच्या गाभ्यावर चालतो, जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून झाडून सगळे लिनक्सवर आहेत. खरं आहे, आणि या वादात त्याचा काडीचा उपयोग नाही. महासंगणकावर कोणी पीकविम्याचा फॉर्म भरत नाही. शिवाय पेन्शनरांचा हयातीचा दाखला, म्हणजे 'जीवन प्रमाण', मामा दर नोव्हेंबरला मोबाइलवर चेहरा दाखवून काढतात, घरच्या संगणकाला हातही न लावता. भाच्यानं हे बरोब्बर हेरून ठेवलंय.

पण भाच्याचंही एक गुपित आहे, आणि ते उघडं पडलं एका दहावीच्या शिक्षिकेच्या पेनड्राइव्हमुळे. गुणपत्रकांचं फोल्डर गायब, जागी फक्त शॉर्टकट. झेरॉक्सच्या दुकानांत फिरणाऱ्या पेनड्राइव्हना हा रोग जुना आहे: व्हायरस मूळ फोल्डरवर 'लपलेलं' असा शिक्का मारतो आणि त्याच नावाचा फसवा शॉर्टकट ठेवतो. मामा काउंटरपाशीच बसलेले. भाच्यानं ड्रॉवरमधून एक काळा पेनड्राइव्ह काढला, मशीन त्यावरून चालू केली, आणि पडद्यावर आला तो मिंटचा हिरवा लोगो. लिनक्स विंडोजच्या त्या शिक्क्याला जुमानत नाही. फोल्डर समोरच पडलेलं. बाईंना फायली मिळाल्या.

"हे काय रे?" मामांच्या आवाजात विजय मावत नव्हता.

"कोनाची विंडोज उठत नसली की डाटा काढाले लागते ते. चार वर्सं झाले वापरतो."

"अन् मला सांगतोस लिनक्स कामाचं नाही!"

"ॲम्ब्युलन्स आहे ते मामा. जीव वाचवते, हाव. पन तिच्यात बसून कोनी लग्नाले जात नाही."

मामांना यावर पटकन काही सुचलं नाही. भाच्यानं पुढं जे सांगितलं ते तर त्यांना माहीतच नव्हतं: ही युक्तीही आता जुनी होत चाललीय. नव्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं प्रवेश केला की डिस्क बहुतेक वेळा आपोआप कूटबद्ध होते आणि तिची लांबलचक किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. खातं कोणी उघडून दिलं, पासवर्ड काय, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. "मंग पेनड्राइव्ह लावून फक्त कुलूप दिसते. मागच्या महिन्यात पोट्ट्याचा प्रोजेक्ट गेला पुरा." स्वतःच्या डिस्कची किल्ली स्वतःकडे नसणं, हा मामांचा मुद्दा भाच्याच्या तोंडून आला, आणि मामांनी शहाणपणानं तो तसाच राहू दिला.

मग सवयीचं काय? सवय इथं शिकवली गेली आहे. एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला, सरकारी नोकरीसाठी तो मागितला जाऊ लागला, आणि महाराष्ट्रात एक अख्खी पिढी संगणक म्हणजे स्टार्ट बटन, वर्ड आणि एक्सेल असं शिकून बाहेर पडली. केरळनं त्याच दशकात शाळांचा संगणक विषय मुक्त सॉफ्टवेअरवर नेला. तिथली मुलं दहावीची आयटीची परीक्षा लिनक्सवर देतात, आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. सीडॅकनं 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स काढलं, सीडॅकचं मुख्यालय पुण्यात. तरी आपल्या शाळांत ते शोधावंच लागतं. मामांना याचा मनापासून राग आहे. त्यांच्या शाळेतही प्रयोगशाळा होती आणि तेव्हा त्यांनीही काही केलं नव्हतं, याची आठवण भाचा करून देत नाही. नात्याची एवढी बूज तो राखतो.

सध्याचा मुद्दा आर्णीच्या एका अभ्यासिकेचा आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात, कोणीतरी पाच जुने डेस्कटॉप देणगी दिले आहेत, विंडोज ११ एकावरही बसत नाही. चालकांनी मामांना विचारलं, मामांनी भाच्याला गाडीवर बसवलं. पाचही मशीन तपासून झाल्यावर भाच्यानं हिशेब मांडला: पाचहीला एसएसडी लागतील, दोन मशीनची रॅम वाढवावी लागेल. मुलांना ब्राउझर, पीडीएफ आणि यूट्यूबपलीकडे काही लागत नाही, म्हणून चारवर मिंट टाकायला त्याची हरकत नाही. पाचवं प्रिंटरचं, ते विंडोजच राहील.

"क्रॅक नाही टाकायची," मामा म्हणाले. "संस्थेची जागा आहे. लायसन विकत घ्यायला सांगू."

"लायसनचे पैसे सांगतले तं ते पाचवर लिनक्सच टाका म्हनतीन."

"मग तर बरंच आहे!"

"प्रिंटरले कोन पाहीन? मी काही दर हप्त्याले आर्णीले येनार नाही."

मामांनी प्रिंटरच्या मागं वाकून मॉडेलचा नंबर वहीत उतरवून घेतला. भाच्यानं तो नंबर मोबाइलवर शोधला, ड्रायव्हरच्या यादीत लिनक्स लिहिलेलं होतं. "चालते म्हनते," तो नाइलाजानं म्हणाला, "पन मी आधी घरी तुमच्या मशीनवर आठ दिवस चालवून पाहीन. सोमवारी सकाळी पान निघालं तं बोलू."